गाडीला जादा लाइट बसवताना रंगाची हिफाजत कशी करावी?

कुंभार्ली, आंबा किंवा ताम्हिणी घाटातून पावसाळ्यात रात्री गाडी आणणाऱ्याला जादा लाइटची गरज समजावून सांगावी लागत नाही. धुकं, मुसळधार पाऊस, वळणावर अचानक समोर येणारी गुरं, यात कंपनीने दिलेला उजेड कमी पडतो. म्हणून बोलेरो, थार, स्कॉर्पिओपासून घरच्या छोट्या गाडीपर्यंत अनेकजण फॉग लॅम्प किंवा एलईडी बार बसवून घेतात. गॅरेजमध्ये काम तासाभरात होतं. लाइट लागतो आणि सगळे खूश होतात.

अडचण नंतर दिसते. एक-दोन पावसाळे गेले की ब्रॅकेटच्या खालून तपकिरी ओघळ येऊ लागतो. ब्रॅकेट काढून बघावं तर खालचा रंग गेलेला, पत्रा खडबडीत झालेला आणि कडेने रंगाला फुगे आलेले. ब्रॅकेट काही शेकड्यांचं असतं, पण बोनेट किंवा मडगार्डचं डेंटिंग-पेंटिंग हजारांत जातं. गाडी विकायला काढली तर घेणारा आधी गंज शोधतो. आणि आपल्याकडे गाडी म्हणजे बहुतेक घरांत कुणाच्या तरी अनेक वर्षांच्या मेहनतीची कमाई असते, कित्येकदा घरापासून दूर आखातात काढलेल्या वर्षांची.

हे नुकसान टाळता येतं आणि त्यासाठी फार खर्च लागत नाही. ब्रॅकेट आणि रंग यांच्यामध्ये काय ठेवलं आहे आणि तिथलं पाणी साचतं की निघून जातं, या दोन गोष्टींवर जवळपास सगळं अवलंबून आहे. बाकीची माहिती या दोन गोष्टी नीट कशा कराव्यात याचीच आहे.

गाडीचा रंग किती जाड असतो?

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो. पूर्ण बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने हा थर बसवतात, त्यामुळे तो कोपऱ्याकपाऱ्यांतही पोहोचतो. त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसणारा रंग आणि शेवटी चकाकी देणारा पारदर्शक क्लिअर कोट. अनेक गाड्यांत पत्र्यालाच जस्ताचा मुलामाही असतो.

हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एका कागदाइतकी. एवढ्या पातळ थरावर लोखंडी ब्रॅकेट घट्ट आवळलं, मध्ये धुळीचे चार कण राहिले आणि गाडी रोज खड्ड्यांतून गेली, तर रंग किती दिवस टिकणार याचा अंदाज सहज येतो.

ब्रॅकेटखाली रंग का जातो?

कारणं पाच आहेत. बहुतेक गाड्यांत त्यातली दोन-तीन एकत्र काम करतात.

1. धूळ आणि कंपन. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. इंजिन आणि रस्त्यामुळे ब्रॅकेट सतत सूक्ष्म हलत असतं. मध्ये अडकलेली धूळ तेव्हा पॉलिश पेपरचं काम करते.

2. अडकलेलं पाणी. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या बारीक फटीत पाणी ओढलं जातं आणि सहज सुकत नाही. उघड्या पत्र्यावरचं पाणी तासाभरात वाळतं, फटीतलं मात्र कित्येक दिवस राहतं. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पावसाळाभर ही फट ओलीच राहते.

3. खारी हवा. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. त्यात मीठ मिसळलं की गंजाचा वेग खूप वाढतो. श्रीवर्धन, मुरूड, हर्णै, रत्नागिरी अशा किनाऱ्यावरच्या गावांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे रोजचंच आहे. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीतून वारंवार जाणाऱ्या गाडीवरही खारे तुषार बसतात.

4. दोन वेगळे धातू. स्टेनलेस स्टीलचं ब्रॅकेट गंजत नाही म्हणून लोक ते घेतात. पण खालचा रंग खरचटला आणि खारं पाणी आलं, तर स्टेनलेस आणि गाडीचा साधा पत्रा मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. यात ब्रॅकेट शाबूत राहतं आणि पत्रा अधिक वेगाने खाल्ला जातो. ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट असेल तर उलट होतं, ॲल्युमिनियम झिजून त्यावर पांढरी भुकटी येते. मधला थर शाबूत असेल तर दोन्ही प्रकार होत नाहीत.

5. फिरणारा बोल्ट आणि चुकीचा वायसर. बोल्ट आवळताना त्याचं डोकं रंगावर घासत फिरतं. दातेरी वायसर तर धातूत रुतण्यासाठीच बनवलेला असतो, तो रंग कापतोच. स्प्रिंग वायसरचं टोकही ओरखडा काढतं.

रंगाखाली एकदा गंज सुरू झाला की तो जागेवर थांबत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. रंग उचलला गेला की पाणी आणखी आत जातं. बाहेर वाटाण्याएवढा फुगा दिसतो तेव्हा आत गंज बऱ्याचदा त्याहून मोठा पसरलेला असतो.

आधी जागा नीट निवडा

रंग वाचवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंगावर ब्रॅकेट न बसवणं. पुढच्या क्रमाने विचार करावा.

बंपरमधली फॉग लॅम्पची जागा. अनेक गाड्यांत खालच्या मॉडेललाही ही जागा तयार असते, फक्त झाकण लावलेलं असतं. त्या मॉडेलसाठीचा लाइट तिथे बसवला तर बाहेरच्या रंगाला हातही लागत नाही. शिवाय धुक्यासाठी लाइट खालीच हवा. वर लावलेल्या लाइटचा उजेड धुक्यावरून परत चालकाच्या डोळ्यांवर येतो. छतावरच्या बारचा उजेड बोनेटवर पडूनही त्रास देतो.

बंपरमागचा लोखंडी भाग. बंपर काढल्यावर आडवी बीम आणि रेडिएटरचा सांगाडा दिसतो. तिथे कंपनीचे बोल्ट असतात आणि काही वेळा रिकामी भोकंही असतात. हा भाग दिसत नाही म्हणून तो निष्काळजीपणे खरवडू नये. गंज तिथेही लागतो आणि तो उशिरा कळतो.

बोनेटच्या बिजागरीचा बोल्ट. थारसारख्या गाड्यांत काचेच्या खाली दोन्ही बाजूंना लाइट लावायला ही जागा वापरतात. भोक पाडावं लागत नाही, पण रंगाला धोका इथेच जास्त, कारण ब्रॅकेट बोनेट आणि मडगार्डच्या अगदी मधल्या फटीतून बाहेर येतं.

छतावरचं कॅरिअर. कॅरिअर असेल तर लाइट त्याच्या पाइपला क्लॅम्पने लावावा. छताच्या पत्र्याला भोक पाडणं हा शेवटचा पर्याय. तिथून पाणी आत झिरपतं, आणि छताच्या कडेला वायरिंग व काही गाड्यांत पडद्याची एअरबॅग असते.

लागणारं सामान

- गाडीचा शाम्पू, दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं
- पारदर्शक पीपीएफ फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पॉलियुरेथेनची जाड फिल्म
- नायलॉनचे किंवा साधे सपाट वायसर, नायलॉक नट
- मास्किंग टेप
- गाडीच्या रंगाच्या नंबरची टच-अपची छोटी बाटली आणि प्रायमर
- न्यूट्रल सिलिकॉन, लागलं तरच

पीपीएफचा अख्खा रोल घ्यायची गरज नाही. कार डिटेलिंगच्या दुकानात पूर्ण गाडीला फिल्म लावताना कात्रणं उरतात. तळहाताएवढे दोन तुकडे पुरतात आणि ते स्वस्तात मिळतात. ही फिल्म साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जास्त. साधी खाकी किंवा विजेची काळी टेप हा पर्याय नाही. उन्हात तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि खाली चिकट मळ राहतो.

गॅरेजमध्ये बऱ्याचदा जुन्या ट्यूबचा तुकडा कापून ब्रॅकेटखाली घालतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काळ्या रबरातली रसायनं पांढऱ्या किंवा फिक्या रंगात उतरतात आणि तो पिवळा-तपकिरी डाग धुऊन जात नाही. शिवाय वेडावाकडा कापलेला तुकडा पाणी धरून ठेवतो. रबर वापरायचंच असेल तर आधी खाली फिल्म लावावी, वर नीट कापलेला ईपीडीएम रबराचा तुकडा ठेवावा.

बसवण्याची पद्धत

1. कोरडी जुळवणी. काही चिकटवण्याआधी ब्रॅकेट जागेवर धरून बघा. ब्रॅकेट नेमकं कुठे टेकतंय त्याच्या बाहेरून मास्किंग टेप लावून खूण करा. बिजागरीजवळचं ब्रॅकेट असेल तर बोनेट हळूहळू उघडून-मिटून बघा. मध्ये कागदाची पट्टी ठेवून बोनेट बंद करा. पट्टी सहज ओढून निघाली तर जागा आहे, अडकली तर तिथे रंग घासणार. ब्रॅकेट वाकवून किंवा पातळ वायसर घालून ते आताच दुरुस्त करा.

2. ब्रॅकेटच्या कडा. स्वस्तातल्या ब्रॅकेटची कापलेली कड धारदार असते आणि तिथे पावडर कोटिंगही पातळ असतं. कानस किंवा बारीक पॉलिश पेपरने कड गोल करा, उघड्या झालेल्या लोखंडाला प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्या. ब्रॅकेटला स्वतःला गंज चढला तर त्याचे ओघळ गाडीवरच येतात.

3. सफाई. जागा शाम्पूने धुवा, वाळवा. मग अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाने पुसा, म्हणजे पॉलिश आणि तेलकटपणा निघेल. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. पेट्रोल तेलकट थर मागे ठेवतं आणि थिनर रंगच मऊ करतो, विशेषतः बाहेर रंगवलेल्या गाडीचा. गाडी नुकतीच रंगवली असेल तर फिल्म लावायला किमान महिनाभर थांबा, रंगातली वाफ पूर्ण निघून जाऊ द्या.

4. फिल्म. ब्रॅकेटच्या मापापेक्षा चारी बाजूंनी साधारण 5 मिलिमीटर मोठा तुकडा कापा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा लवकर उचलतो. पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून ते जागेवर आणि फिल्मच्या गोंदावर फवारा, फिल्म सरकवत जागेवर आणा आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर पाणी काढा. बुडबुडा राहू देऊ नका. बोल्टची जागा फिल्म लावण्याआधीच कापून घ्या. गाडीच्या रंगावर ब्लेड कधीही चालवू नका. नंतर निदान एक दिवस फिल्म सुकू द्या.

घाईच्या कामात नेमका हा एक दिवस वगळला जातो. ओल्या फिल्मवर ब्रॅकेट आवळलं की ती सरकते, गोळा होते आणि रंग उघडा पडतो. म्हणून फिल्म आदल्या दिवशी घरीच लावून दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाणं सोयीचं.

5. कंपनीचे बोल्ट. बिजागरीचे दोन्ही बोल्ट एकदम काढू नका. आधी बिजागरीच्या भोवती टेपने खूण करा, मग एक बोल्ट काढून ब्रॅकेट बसवा, तो हलका आवळा आणि मगच दुसरा काढा. नाहीतर बोनेट तिरकं बसतं आणि त्याची कड मडगार्डला घासू लागते.

अशा भार घेणाऱ्या बोल्टखाली जाड रबर घालू नका. रबर दबत जातं आणि बोल्ट सैल होतो. इथे फक्त पातळ फिल्म, आणि तीही बोल्टच्या भोवतीच्या जागेत. बोल्टच्या डोक्याखाली सपाट वायसर हवा, म्हणजे फिरणारं डोकं रंगाला लागणार नाही.

6. किती आवळायचं? जोर लावून आवळणं म्हणजे मजबुती असं नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या बोल्टचा आकडा असेल तर तोच पाळावा. नसेल तर अंदाजासाठी: 8.8 दर्जाच्या 6 मिलिमीटरच्या स्टील बोल्टला, ज्याला 10 नंबरचा पाना लागतो, साधारण 10 न्यूटन-मीटर आणि 8 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर पुरतात. पातळ पत्रा किंवा नायलॉन वायसर असेल तर त्याहून कमी. हलू नये म्हणून अजून आवळण्यापेक्षा नायलॉक नट लावावा.

7. पाण्याला वाट ठेवा. ब्रॅकेटच्या चारी बाजूंनी सिलिकॉन भरणं चुकीचं आहे. कुठूनतरी पाणी आत जातंच आणि मग बाहेर येत नाही. सील करायचंच असेल तर वरची आणि बाजूची कड करा, खालची मोकळी सोडा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते गाडीवर वापरू नका, त्यातलं आम्ल धातूला गंज लावतं. डब्यावर न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

भोक पाडावंच लागलं तर

काही जुन्या जीप आणि पिकअपना दुसरा इलाज नसतो. अशा वेळी पत्र्याच्या मागे वायर, पाइप किंवा टाकी नाही ना हे आधी हात घालून बघा. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर लावून त्यावर खूण करा, सेंटर पंचाने हलका खड्डा पाडा म्हणजे ड्रिल घसरणार नाही. आधी बारीक भोक, मग मापाचं.

त्यानंतरच्या पायऱ्या बहुतेक वेळा गाळल्या जातात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

- भोकाची खरबरीत कड दोन्ही बाजूंनी कानशीने साफ करा.
- लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने किंवा चुंबकावर कापड गुंडाळून पूर्ण उचला. रंगावर पडलेला कीस ओल लागली की एका रात्रीत तपकिरी ठिपके सोडतो. तो कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात.
- भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर बारीक ब्रशने लावा. डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. वर टच-अपचा रंग लावा.
- शक्य असेल तर मागच्या बाजूला, बंद पोकळीत, मेणयुक्त गंजरोधक फवारा.
- मगच बोल्ट, खाली सपाट वायसर आणि पातळ गॅस्केट. मागे नट लावायला हात जात नसेल तर रिव्हेट नट वापरतात. त्याच्या भोकालाही आधी प्रायमर हवाच.

पुढे लाइट काढून टाकला तर भोक उघडं ठेवू नका, रबराचं बूच बसवा. बॉडीला भोक पाडल्यावर गंजाच्या वॉरंटीबाबत कंपनी हात वर करू शकते, म्हणून गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा.

चिकटपट्टी आणि चुंबक

छोट्या, हलक्या एलईडी लाइटसाठी ॲक्रिलिक फोमची दुहेरी चिकटपट्टी चालते. ती साफ जागेवर, साधारण 21 ते 38 अंश तापमानात, जोराने दाबून लावावी. तिची पकड लगेच पूर्ण येत नाही, त्याला जवळपास 72 तास लागतात. तोपर्यंत गाडी धुऊ नका. काढताना ओढू नका, तिच्यासोबत रंग निघू शकतो. हेअर ड्रायरने गरम करून, मागून दात साफ करायचा धागा करवतीसारखा फिरवून फोम कापा. राहिलेला गोंद बोटाने चोळून काढा. जड लाइटचा भरवसा फक्त चिकटपट्टीवर ठेवू नये.

चुंबकाचा लाइट तात्पुरता म्हणून ठीक आहे, पण चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटतो आणि तोच रंगावर ओरखडे काढतो. प्रत्येक वेळी चुंबक पुसून, खाली स्वच्छ रबरी आवरण ठेवून लावा आणि काम झालं की उतरवा.

वायर आणि अर्थिंग

लोंबकळणारी वायरही रंग घासते. वायर नालीदार नळीत घालून दर वीत-दीड वीत अंतरावर टायने बांधा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. नाहीतर पत्र्याची कड वायरचं आवरण कापते आणि शॉर्ट होऊन आग लागू शकते. 55 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर ओढतात, म्हणून रिले आणि बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज लावून घ्या.

अर्थिंगसाठी कोरा धातू लागतो, म्हणून अनेक ठिकाणी बॉडीवरचा रंग घासून तिथे स्क्रू मारतात. तिथूनच पुढे गंज लागतो. त्यापेक्षा कंपनीचा तयार अर्थिंग बोल्ट वापरा किंवा वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. नवीन जागा घासावीच लागली तर वायर आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा थर द्या.

मोटरसायकलसाठी

बाइकवर लाइट बहुतेक क्रॅश गार्डला क्लॅम्पने लावतात. क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी हवी आणि ती पाइपच्या जाडीची हवी. सैल क्लॅम्प फिरतो आणि पाइपचं कोटिंग गोल कापतो. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर क्लॅम्प लावू नका. तिथे ओरखडा पडला की ऑइल सील फाटतं. हँडल पूर्ण दोन्ही बाजूंना वळवून वायर टाकीला घासत नाही ना हे बघा.

देखभाल: वर्षातून दोनदा उघडून बघा

लाइट बसवल्यावर आठवड्याभराने बोल्ट एकदा तपासा. त्यानंतर महिन्यातून एकदा गाडी धुताना ब्रॅकेटच्या कडेला साधं पाणी सोडून अडकलेली माती काढा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू नका, ती उचलते. समुद्रकिनाऱ्यावरून किंवा फेरीबोटीतून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुतली तर निम्मं काम तिथेच होतं.

मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ब्रॅकेट उतरवून खालची जागा बघा. फिल्म पिवळी पडली, फाटली किंवा कड उचलली असेल तर बदला. रंगावर छोटा ओरखडा दिसला तर साफ करून प्रायमर आणि टच-अप लगेच लावा. फुगा दिसला तर वरून रंग मारून झाकू नका. सैल रंग काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, गंजरोधक प्रायमर, मग रंग, आणि पूर्ण वाळल्यावरच ब्रॅकेट परत. वरून झाकलेला गंज आतून चालूच राहतो.

कायद्याचं भान

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत असलेल्या मूळ रचनेला विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लाइट लावण्यासाठी बुल बार किंवा क्रॅश गार्ड बसवणं चारचाकीला चालत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. टॅक्सी, टेम्पो अशा व्यावसायिक गाड्यांच्या पुढे सर्चलाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियमांची मनाई आहे, खास कारणासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

समोरच्याचे डोळे दिपतील असा लाइट कुठल्याच गाडीला चालत नाही. लाइटचा रोख खाली ठेवा, समोरून गाडी आली की बंद करा. आपल्याला रस्ता दिसावा म्हणून लावलेल्या लाइटने समोरचा आंधळा होऊन अपघात झाला, तर तो लाइट काय कामाचा? विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवावा.

गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

1. भोक न पाडता, कंपनीच्या बोल्टवर बसेल का?
2. ब्रॅकेटखाली काय घालणार? (फिल्म आपणच आधी लावून नेली तर उत्तम.)
3. पाडलेल्या भोकाला प्रायमर लावणार का आणि तो वाळायला किती वेळ देणार?
4. अर्थिंग कुठून घेणार?
5. रिले आणि फ्यूज आहे ना?

मेकॅनिक चांगला असेल तर या प्रश्नांनी नाराज होणार नाही, उलट गाडीवाल्याला कामाची किंमत कळते हे त्याला समजेल. आणि तो "काही होत नाही हो" म्हणाला, तरी गाडी आपली आहे. फिल्म सुकायला लागणारा तो एक दिवस द्यावा. पावसाळ्यानंतर ब्रॅकेट उतरवल्यावर खालचा रंग आजूबाजूच्या रंगासारखाच दिसला, तर काम नीट झालं असं समजावं.